आधी तपासणी, मग पथ्य: सिलिॲकचं निदान कसं करून घ्यायचं

पोट सारखं फुगतं, जेवणानंतर जड वाटतं, थकवा हटत नाही. कुणीतरी सुचवतं, ‘गहू सोडून बघ.’ दोन आठवड्यांत बरं वाटू लागतं, आणि मग ‘एकदा तपासूनच घेऊ’ म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. सगळा घोळ इथेच होतो. सिलिॲक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची रक्ततपासणी काय आणि आतड्याची बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं) काय, दोन्हींत एकच गोष्ट पाहिली जाते: ग्लुटेन पोटात गेल्यावर शरीर काय करतं. ग्लुटेन जाणंच थांबलं की रक्तातल्या अँटिबॉडीज उतरू लागतात, आतड्याची सूज ओसरू लागते, आणि आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. मग ‘आहे की नाही’ हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो.

म्हणून पहिला नियम असा: शंका आल्यापासून निदान पक्कं होईपर्यंत खाणं होतं तसंच चालू ठेवायचं. याला एक अपवाद आहे. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील, ओठ-जीभ सुजत असेल, श्वास लागत असेल, तर ती गव्हाची खरीखुरी ॲलर्जी असू शकते. तिथे गहू ताबडतोब बंद करून डॉक्टर गाठायचा.

हा आजार ॲलर्जी नाही

बोलताना सिलिॲकला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटलं जातं. पण हा ऑटोइम्यून आजार आहे. म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. ग्लुटेन हे गहू, राय आणि जव म्हणजे बार्ली या धान्यांतल्या प्रथिनांचं सामाईक नाव. ही प्रथिनं कुणाच्याच पोटात पूर्ण पचत नाहीत, त्यांचे लांबट तुकडे उरतात. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक एन्झाइम त्या तुकड्यांत किंचित बदल करतं. एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्यांपैकी काही जणांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या तुकड्यांवर तुटून पडते, आणि त्या धुमश्चक्रीत आतड्याचं अस्तर भरडलं जातं. अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस शोषायचं काम त्यांचं. ते झिजत झिजत सपाट होतात.

जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तो असल्याचा पत्ताच नाही.

गव्हाचा संबंध कसा कळला, तेही सांगण्यासारखं आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी होता, पण सिलिॲकची मुलं सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा खंगली. डिकेंनी १९५० मध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. आजही उपाय तोच आहे: ग्लुटेन बंद. या आजाराला गोळी नाही.

पायरी १: शंका कागदावर मांडा

जुलाब, पोटफुगी, वजन घटणं ही पुस्तकातली लक्षणं. प्रत्यक्षात अनेकांना जुलाब होतच नाहीत, काहींना तर बद्धकोष्ठ असतं. वजन जास्त असलेल्या माणसालाही सिलिॲक असू शकतो, तेव्हा ‘तब्येत तर चांगली दिसते’ या शेऱ्यावर विषय सोडू नका.

मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लोहाच्या कमतरतेकडे. गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) वर येत नाही. थोडं आलं तरी गोळ्या थांबवल्या की परत खाली. कारण सरळ आहे. लोह, कॅल्शियम आणि फोलिक ॲसिड मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिॲकचा मारही तिथेच सगळ्यात जास्त बसतो.

याशिवाय नोंदवण्यासारखं: वारंवार तोंड येणं, दातांच्या इनॅमलवर खाचा किंवा डाग, कमी वयात हाडं ठिसूळ होणं, मूल न राहणं किंवा पुन्हापुन्हा गर्भपात, यकृताच्या तपासणीत विनाकारण वाढलेले आकडे, हातापायांना मुंग्या, तोल जाणं. मुलांमध्ये उंची खुंटणं, वयात यायला उशीर, चिडचिड.

कोपर, गुडघे आणि नितंबांवर दोन्ही बाजूंना सारखेच येणारे, प्रचंड खाजणारे बारीक फोड ही एक वेगळीच खूण आहे. तिला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात आणि ती सिलिॲकचीच त्वचेवरची बाजू आहे. इथे त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्वचेचा तुकडा फोडातून नव्हे, तर फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यावा लागतो आणि इम्युनोफ्लुरोसन्सने तपासावा लागतो. फोडातूनच तुकडा घेतला तर जे शोधायचं ते आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) तिथे दिसेलच असं नाही.

लक्षणं नसली तरी तपासणी करून घ्यावी असे काही गट आहेत: सिलिॲकच्या रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं, तसंच टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेले.

डॉक्टरकडे जाताना एका पानावर लिहून न्या: लक्षणं कधीपासून, गेल्या दोन-तीन वर्षांतले हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे आकडे तारखांसकट, घरात कुणाला ऑटोइम्यून आजार, चालू औषधं, आणि सध्या रोज ग्लुटेन पोटात जातंय का. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि डॉक्टर ती विचारतीलच असं धरून चालू नका.

पायरी २: रक्ततपासणी, दोन नावांनी मागा

चिठ्ठीवर दोन तपासण्या हव्यात: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. उपाशीपोटी जायची गरज नाही. एकाच नमुन्यातून दोन्ही होतात.

दुसरी कशाला, असा प्रश्न पडतो आणि बऱ्याचदा ती गाळली जाते. टीटीजी-आयजीए ही वर सांगितलेल्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची, आयजीए प्रकारची अँटिबॉडी आहे. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही किंवा नगण्य होतं, आणि सिलिॲकच्या रुग्णांमध्ये असे लोक दर शंभरात दोन-तीन सापडतात. त्यांचा टीटीजी-आयजीए आजार ऐन भरात असतानाही निगेटिव्हच येणार. टोटल आयजीए फार कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या तपासण्या करायच्या: डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी.

रिपोर्ट हातात आला की ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून ठेवून देऊ नका. तुमचा आकडा आणि शेजारी छापलेली वरची मर्यादा, दोन्ही पाहा आणि भागाकार करा. समजा आकडा ६४ आहे आणि मर्यादा २०, तर तुम्ही मर्यादेच्या ३.२ पट आहात. पुढचा सगळा निर्णय या पटीवर बसतो. निरनिराळ्या लॅबचे किट वेगळे आणि एककंही वेगळी, त्यामुळे एका लॅबचा ६४ आणि दुसरीचा ६४ यांची तुलना होत नाही. पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये करा.

निकाल फसवा येण्याची नेहमीची कारणं अशी. ग्लुटेन आधीच कमी केलेलं असणं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आकडा खोटा खाली दिसू शकतो. उलट टाइप १ मधुमेह, यकृताचे आजार किंवा नुकताच झालेला संसर्ग असेल तर टीटीजी किंचित वर जाऊ शकतो आणि नंतर आपोआप उतरतो. म्हणूनच किंचित वाढलेल्या आकड्यावर कुणाला जन्मभराचं पथ्य लावायचं नसतं.

काही पॅकेजांत अँटी-ग्लायडिन अँटिबॉडी अजूनही असते. ही जुनी तपासणी. निदानासाठी आता तिच्यावर भिस्त ठेवत नाहीत. केसांच्या किंवा लाळेच्या चाचण्या आणि ‘शंभर पदार्थांची फूड सेन्सिटिव्हिटी’ अशा आयजीजी चाचण्या यांचा सिलिॲकच्या निदानाशी संबंध नाही. तो पैसा वाचवा. घरी बोट टोचून करायचे टीटीजी किट मिळतात. तिथे पॉझिटिव्ह आलं तरी लॅबची तपासणी लागतेच, आणि निगेटिव्ह आलं म्हणून विषय संपत नाही.

पायरी ३: आकड्यावरून पुढची दिशा

मुलांच्या बाबतीत युरोपच्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट निकष दिले आहेत. टीटीजी-आयजीए मर्यादेच्या १० पट किंवा त्याहून जास्त असेल, आणि रक्ताच्या दुसऱ्या, स्वतंत्र नमुन्यात ईएमए ही अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आली, तर बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. मात्र हा निर्णय मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाने पालकांशी बोलून घ्यायचा. दुसरा नमुना वेगळ्या दिवशीचा हवा. एकाच बाटलीतून दोन्ही तपासण्या केल्या तर नमुन्यांची अदलाबदल झाली असल्यास ती पकडली जात नाही.

मोठ्यांमध्ये बायॉप्सी हाच अजून नेहमीचा रस्ता आहे. दहा पटींच्या वर गेलेल्या प्रौढांना काही मार्गदर्शक तत्त्वं बायॉप्सीविना निदानाची मुभा देतात, पण ती गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टने द्यायची. आपलं आपण ठरवून मोकळं व्हायचं नाही.

ग्लुटेन व्यवस्थित चालू असताना टीटीजी निगेटिव्ह आणि टोटल आयजीए नॉर्मल असेल तर सिलिॲकची शक्यता बरीच कमी होते. पण वजन झपाट्याने घटतंय, जुलाब थांबत नाहीत, लोह चढत नाही अशी परिस्थिती असेल तर निगेटिव्ह रक्तावरही बायॉप्सी करावी. थोड्या रुग्णांत अँटिबॉडीज रक्तात दिसतच नाहीत.

पायरी ४: एंडोस्कोपी, आणि आधी विचारायचे प्रश्न

तोंडातून बारीक दुर्बीण जठराच्या पुढे लहान आतड्यात नेतात. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण दहा-पंधरा मिनिटं. आधी काही तास पोट रिकामं ठेवावं लागतं. नेमके किती ते केंद्राकडून लिहून घ्या. घशात बधिर करणारा फवारा मारतात किंवा गुंगीचं इंजेक्शन देतात. गुंगी घेतली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती आठवडाभर आधी कानावर घाला. आणि आदल्या दिवसापर्यंत ग्लुटेन चालूच.

आत शिरण्यापूर्वी डॉक्टरांना हे विचारा: ‘डुओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि बल्बमधून एक-दोन तुकडे घेणार ना?’ डुओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. विचारायला संकोच वाटतो, पण प्रश्न रास्त आहे. सिलिॲकची इजा आतड्यात सलग नसते, ठिगळांसारखी असते. दोनच तुकडे घेतले आणि दोन्ही नेमके चांगल्या जागेचे निघाले, तर निदान हुकतं. काहींत तर इजा फक्त बल्बमध्ये, म्हणजे जठरानंतरच्या अगदी पहिल्या भागातच असते. तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे असतात आणि घेताना दुखत नाहीत, कारण आतल्या अस्तराला कापल्याची जाणीव होत नाही.

‘दुर्बिणीतून आतडं छान दिसलं, म्हणून तुकडे घेतले नाहीत’ हे उत्तर स्वीकारू नका. नुसत्या डोळ्याला नॉर्मल दिसणाऱ्या आतड्यातही व्हिलाय झिजलेले असू शकतात.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘मार्श’ हा शब्द शोधा. मार्श १ म्हणजे व्हिलाय शाबूत, पण अस्तरात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या. हिशोबासाठी अस्तराच्या दर १०० पेशींमागे २५ हून जास्त. मार्श २ मध्ये व्हिलायच्या बुडाशी असलेल्या खोलगट ग्रंथी लांबतात. मार्श ३ म्हणजे व्हिलाय झिजले: ३अ अंशतः, ३ब बरेचसे, ३क पूर्ण सपाट. रक्त पॉझिटिव्ह आणि बायॉप्सी मार्श ३, हे चित्र स्वच्छ आहे.

एकटा मार्श १ मात्र सिलिॲकचा पुरावा नव्हे. हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, इतर ऑटोइम्यून आजार यांतही तो दिसतो. इतकंच काय, व्हिलाय सपाट होण्यालाही दुसरी कारणं आहेत: जियार्डियाचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू, क्रोन्स, आणि रक्तदाबाचं ओल्मेसार्टन हे औषध. रक्त निगेटिव्ह आणि बायॉप्सी मार्श ३ आली तर आधी ही यादी तपासायची, तुमच्या गोळ्यांची पाकिटंही टेबलावर ठेवायची, आणि मगच सिलिॲक म्हणायचं.

तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला शंका आली तर त्याच काचपट्ट्या पुन्हा वाचता येतात.

गहू आधीच सोडला असेल तर

आधी एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकतपासणी करा. ती खाण्यावर अवलंबून नाही, कधीही करता येते. दोन्ही निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास नक्कीच नाही आणि पुढचा त्रास वाचला. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, आणि तिच्यावरून काही सिद्धही करू नका. ही जनुकं दर शंभरात तीस-चाळीस लोकांत असतात आणि बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही.

जनुकं पॉझिटिव्ह आली आणि निदान हवंच असेल तर ग्लुटेन चॅलेंज, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस पुन्हा ग्लुटेन खाणं. किती आणि किती दिवस, यावर तज्ज्ञांत थोडे मतभेद आहेत. रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन दोन आठवडे, आणि सोसत असेल तर तेच आठ आठवड्यांपर्यंत लांबवणं, ही एक पद्धत. रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन, निदान सहा आठवडे, ही दुसरी. जितकं जास्त आणि जितके दिवस, तितका निकाल भरवशाचा.

३ ग्रॅम म्हणजे किती? गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात ढोबळमानाने ८ ग्रॅम ग्लुटेन धरा. म्हणजे ३ ग्रॅमसाठी सुमारे ४० ग्रॅम पीठ. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम असतं, म्हणजे दीड-दोन स्लाइसना ३ ग्रॅम भरतात. ‘एखादं बिस्किट खाल्लं’ हे चॅलेंज नव्हे.

दोन आठवड्यांत आतडं बदललेलं असू शकतं, पण रक्तातल्या अँटिबॉडीज वर यायला जास्त वेळ घेतात. म्हणून छोट्या चॅलेंजनंतरच्या निगेटिव्ह रक्तावर लगेच निकाल लावू नका. पहिल्या आठवड्यातच असह्य झालं तर स्वतःहून थांबवण्याआधी फोन करा. तपासणी ठरल्यापेक्षा लवकर घेता येते. एंडोस्कोपीची तारीख मिळाल्याशिवाय चॅलेंज सुरूच करू नका, नाहीतर तारखेची वाट पाहत महिनाभर उगाच सोसावं लागतं. गरोदरपणात, पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येण्याच्या वाढीच्या काळात चॅलेंज शक्यतो टाळतात.

तपासणी निगेटिव्ह येऊनही ग्लुटेनने त्रास होणारे लोक असतात. त्याला सिलिॲक नसलेली ग्लुटेन-संवेदनशीलता म्हणतात. तिची वेगळी रक्ततपासणी नाही, आणि सिलिॲक व गव्हाची ॲलर्जी वगळल्यावरच ते नाव लावायचं.

पायरी ५: निदान झालं, पहिला महिना

आता ग्लुटेन पूर्ण बंद, त्याच दिवसापासून आणि जन्मभर. ‘हळूहळू कमी करू’ याला अर्थ नाही.

त्याच सुमारास पुढच्या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताची चाचणी, टीएसएच (थायरॉइडची चाचणी). प्रौढांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची ते विचारावं. सिलिॲकमध्ये काहींची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून न्यूमोकॉकलच्या (न्यूमोनियासारख्या संसर्गाच्या) लसीबद्दलही विचारा.

आहारतज्ज्ञाची भेट ही चैन नव्हे. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेल्या तयार पदार्थांत तंतू आणि ब गटातली जीवनसत्त्वं बऱ्याचदा कमी, साखर आणि चरबी जास्त असते. नुसते ते खाऊन बद्धकोष्ठही होतं आणि वजनही वाढतं. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस-मासे मुळातच ग्लुटेनमुक्त आहेत. दुधाने पोट बिघडत असेल तर ते बहुधा तात्पुरतं असतं: लॅक्टोज पचवणारं एन्झाइम व्हिलायच्या टोकांवर असतं, टोकं झिजली की तेही जातं, आणि आतडं भरून आलं की परत येतं.

ओट्सचं जरा वेगळं आहे. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण शेतापासून गिरणीपर्यंत त्यांत गहू मिसळलेला असतो. लक्षणं आणि टीटीजी ताळ्यावर आल्यावर, ग्लुटेन-फ्री म्हणून तपासलेलेच ओट्स थोड्या प्रमाणात सुरू करा. थोड्या लोकांना तेही सोसत नाहीत.

किती कण चालतात

बहुतेक रुग्णांत दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेनने इजा होत नाही, आणि रोज ५० मिलिग्रॅमने तीन महिन्यांत आतडं बिघडू शकतं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे ब्रेडच्या एका स्लाइसचा चाळिसावा भाग. पिठात मोजाल तर जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम, दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकं.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. या मर्यादेला टेकलेला पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्लात तरी हिशोब १० मिलिग्रॅमवरच थांबतो. आकडा कुठून आला ते यावरून लक्षात येईल. अनेक देशांत रुग्णसंघटना प्रमाणित मालावर आडव्या रेघेने छेदलेल्या लोंबीचं चिन्ह देतात.

लेबलवर ‘गहू नाही’ आणि ‘ग्लुटेन-फ्री’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बार्ली असू शकते. माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर, बिअर हे सगळं बहुधा बार्लीचं. सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि तयार सूप, मसाल्याची मिश्रणं, सॉसेज यांत पीठ घट्टपणासाठी घातलेलं असतं. रवा, मैदा, दलिया, कुसकुस, ड्युरम, स्पेल्ट ही सगळी गव्हाचीच रूपं. गव्हापासून केलेलं ग्लुकोज सिरप मात्र इतकं शुद्ध केलेलं असतं की ते चालतं. औषधांतला स्टार्च बहुतेकदा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो. फार्मासिस्टला विचारा, पण संशयावरून गोळी बंद करू नका.

स्वयंपाकघरात खरी अडचण कुठे येते ती अशी. पीठ चाळताना उडालेली धूळ ओट्यावर तासभर बसत राहते. टोस्टरच्या तळाशी जुने तुकडे असतात. लाकडी चमच्याच्या आणि पोळपाटाच्या भेगांत कणीक अडकते, चाळणीच्या जाळीतही. लोण्याच्या डब्यात ब्रेड लागलेली सुरी बुडते. ज्या तेलात पिठाचं काही तळलं त्याच तेलात बटाटे तळले जातात. टोस्टर, चाळणी आणि लाटायचं-मळायचं सामान वेगळं घ्या. लोणी-जॅमचे डबे नाव लिहून वेगळे करा. ग्लुटेनमुक्त स्वयंपाक आधी उरका. स्टील आणि काच साबणाने घासली की पुरे, सगळी भांडी बदलायची गरज नाही. पीठ दळून आणत असाल तर ज्या जात्यावर गहू दळतात तिथे तांदूळ दळून काही उपयोग नाही. आणि घरात लहान मूल असेल तर खेळायच्या मऊ क्लेचं लेबलही वाचा. काहींत गहू असतो आणि हात तोंडात जातात.

पायरी ६: पाठपुरावा

टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि नंतर दर वर्षी. आकडा एका झटक्यात शून्यावर येत नाही. सुरुवातीला फार वर असेल तर नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. दिशा खाली आहे ना, एवढं पाहा. मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांचं दोन वर्षं आणि कधी त्याहून जास्त घेतं. टीटीजी नॉर्मल झाला म्हणजे आतडं पूर्ण भरलंच असं मोठ्यांत म्हणता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या बायॉप्सीची चर्चा दोनेक वर्षांनी करावी.

वर्षानेही त्रास तसाच असेल तर पहिला संशय लपून पोटात जाणाऱ्या ग्लुटेनवर घ्या. सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहा, चटणी-गोळ्या-टूथपेस्टसकट, आणि ती वही आहारतज्ज्ञाला दाखवा. तिथे काही सापडलं नाही तर लॅक्टोज, आयबीएस, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, स्वादुपिंडाची कमजोरी, लहान आतड्यात जिवाणूंची वाढ हे तपासतात. कडक पथ्यानंतरही आतडं भरत नाही असा रिफ्रॅक्टरी प्रकार दुर्मीळ आहे.

आधार कुठे शोधायचा

रुग्णसंघटना जुन्या आणि कामाच्या आहेत. ब्रिटनमधली ‘सिलिॲक यूके’ १९६८ पासून आहे आणि अनेक देशांत अशा संस्था आहेत. पदार्थांच्या याद्या, प्रमाणित माल, प्रवासासाठी त्या-त्या भाषेतली कार्डं हे तिथून मिळतं. त्याहून मोलाचा असतो दहा वर्षं हे पथ्य पाळणारा एखादा माणूस, कारण लग्नाच्या पंगतीत काय विचारायचं ते कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसतं.

गट निवडताना एक साधी कसोटी लावा. तपासणी न केलेल्या नव्या सदस्याने लक्षणं सांगितली की तिथले लोक काय सुचवतात? ‘आजच सोडून टाक’ म्हणत असतील तर पाककृती घ्या, वैद्यकीय सल्ला घेऊ नका. पावडरी, डिटॉक्स किंवा ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ कॅप्सूल विकल्या जात असतील तर तेवढंही नको. अशा कॅप्सूल पथ्याची जागा घेत नाहीत.

घरच्यांना एक वाक्य पाठ करून द्या: ‘थोडंसं चालत नाही, आणि लगेच त्रास झाला नाही म्हणजे चाललं असंही नाही.’ आग्रह करणाऱ्याला इजा दिसत नाही, कारण ती आतड्यात होते. शाळेला डॉक्टरांच्या सहीचं पत्र द्या, त्यात इतरांशी डब्याची अदलाबदल करायची नाही आणि वाढदिवसाच्या खाऊऐवजी मुलाचा वेगळा डबा शाळेत ठेवायचा, हे स्पष्ट लिहा. हॉटेलात ‘ग्लुटेन-फ्री आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ हे सोपं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: हे कोणत्या पिठात, कोणत्या तेलात, कोणत्या तव्यावर? रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर केसपेपरवर ‘सिलिॲक, ग्लुटेन वर्ज्य’ असं लिहवून घ्या. आहार विभागाला वेगळं कळवा, कारण केसपेपर आणि जेवणाचं ताट वेगवेगळ्या वाटांनी येतात.

मनाचं काय? सुरुवातीचे महिने बाहेर खायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण घराबाहेर पाणीसुद्धा प्यायचं नाही, प्रत्येक घास तीनदा तपासायचा, वजन घसरत चाललंय, अशी वेळ आली तर ते पथ्य राहिलेलं नसतं. तेव्हा समुपदेशकाची मदत घ्या. किशोरवयीन मुलं उलट टोकाला जातात. मित्रांसमोर वेगळं दिसू नये म्हणून गुपचूप खातात. तिथे वार्षिक टीटीजीचा आकडा त्यांच्यासोबत बसून वाचा, ओरडायला म्हणून वापरू नका.

राहिले नातेवाईक. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला सिलिॲक सापडतो. त्यांची टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए आत्ता करा, आणि आज निगेटिव्ह आला तरी लक्षणं दिसली की पुन्हा, कारण हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. एचएलए निगेटिव्ह निघालेल्या भावंडाला मात्र पुन्हापुन्हा सुई टोचायची गरज नाही. आणि घरात सगळ्यांनीच एकत्र गहू सोडायचा बेत असेल तर त्यांचं रक्त आधी तपासायला द्या.